डबा म्हनतोय, चकती न्हाई

मी त्या सीडीत हाय, येवढंच मला दाखवून द्यायचं हुतं. त्यापायी गल्लीचं पानी दोन दिस बंद पडलं, माझ्या पोरीचं लगीन ठरलं आन् मोडलं, आन् शेजारच्या सुभेदाराच्या आंगठ्याचं नख गेलं. गल्लीत आजबी इचारतात, "अर्जुनतात्या, काय केलंतं वो नक्की?" मी म्हनतो, सीडी प्लेअर बदलला. कुनाचा इस्वास बसत न्हाई.

तर आमी मूळचं म्हसवडकडचं. माझा बाप, नाथाजी, धनगरी ओव्या म्हनायचा. फुडं आबा, मागं आमी पाच जन झील धरायला. झील म्हंजे, फुडच्यानं ओळ टाकली की तिची शेपटी मागच्यांनी उचलायची. वीसेक वर्सांमागं कॉलेजातलं एक सर मायीक घिऊन आलं. आबांना लिंबाखाली बसवून पाच गानी भरून नेली आन् म्हैन्याभरानं एक सीडी धाडून दिली. एकच. आबा गेलं त्येला आता अकरा वर्सं झाली. सीडी हाय.

मी चौथी शिकलेला मानूस. पस्तीस वर्सं सांगलीच्या हळद बाजारात तोलाईदार म्हनून काट्याफुडं हुबा ऱ्हायलो. लोकाची हळद मोजून मोजून नखं पिवळी झाली, पन माझं म्हनून दाखवावं असं काय हाय, तर त्या सीडीतला माझा आवाज. ह्ये मी गल्लीला पंधरा वर्सं सांगत आलोय. दर दिवाळीला सीडी लावायचो. आन् दर दिवाळीला धनाजी सुभेदार, आमचा शेजारी, पाटनचा, मिल्ट्रीत सिग्नलमधी हुता, त्यो स्पीकरला कान लावून ऐकायचा आन् म्हनायचा, "अर्जुना, ढोल ऐकू येतोय. तुझा बाप ऐकू येतोय. मधी एक कुत्रंबी ऐकू येतंय. तू कुठं हाईस?"

"कुत्र्याच्या मागनं येतोय बघ, त्यो मी."

"मग कुत्रंच बरं म्हनतंय गड्या."

माझ्याकडं ॲम्प्लिफायर हाय, दोन लाकडी स्पीकर हायत, पन सीडी वाजवनारा डबा म्हंजे जुनाट डीव्हीडी. तिसऱ्या गान्यावर आला की खरखर, घुर्र, मग एकदम मधीच उडी. पोरगी अंकिता पुन्याला कंपनीत हाय. ती म्हनली, "बाबा, मोबाईलवर घेऊन देते की." दिलंबी घिऊन. मोबाईलवर आबा असा वाजला, जसा पत्र्याच्या डब्यात कोंडलाय आन् बाहीर काड म्हनतोय. मी म्हनलं, नगं.

ह्येच्यात थोरल्या बहिनीचा, मनुआक्काचा, सांगावा आला. मोतीबिंदूचं आप्रेशन करायला मिरजंला येनार, मग आठ दिस आमच्याकडं ऱ्हानार. आक्का म्हंजे आमच्या घरातलं वरचं कोर्ट. आबाच्या गान्यात कोन कुठं बसायचा, कुनाचा आवाज कसा, ह्ये सांगनारं आता तिच्याबिगर मागं कोन उरलं न्हाई. सुभेदारबी म्हनला, "आक्का म्हनल्या की ह्यो अर्जुना, तर मी पुन्ना तोंड उघडनार न्हाई."

मग ठरवलं, डबा बदलायचा. बारा हजार, त्येच्यावर एक रुपाया न्हाई, असं मंगलनं, म्हंजे बायकूनं, बिरूबाच्या टाकाफुडं माझ्याकडनं वदवून घेतलं.

स्टेशन रोडला जयराजचं दुकान हाय. आता वरातीचं डीजे बांधतो, पन हात लय साफ. त्येला म्हनलं, चांगला सीडी प्लेअर दाखीव. त्यो माझ्याकडं असा बघाय लागला, जसा मी बैलगाडीचं स्टेपनी मागतोय.

"तात्या, सीडी आता कोन घेत न्हाई. लोकं शेतात भुजगावन्याला बांदत्यात."

"माझी शेतात बांदायची न्हाई."

त्यो हासला, मग जरा इचार करून म्हनला, साताऱ्याला एक बाई हायत, मास्तरीन हुत्या, त्यांच्या मालकांचा हायफाय सेट हाय, इकायचा म्हनत हुत्या. नवा घ्यायला गेला तर तुमच्या बजेटात नुस्ता रिमोट येईल. तवा जावा.

गेलो. संयोगिताबाई त्यांचं नाव. इकायला काडलाय म्हनून मी आपला पिसवी घिऊन गेलोतो, पन बाईंनी मला असं बसवलं जसं मी मुलगी बघायला आलोय. घर सोताचं का? खोलीत ओल आहे का? घरात लहान मुलं? तुम्ही कुठल्या प्रकारचं संगीत ऐकता? मी म्हनलं, माझ्या बापाचं. तवा उठल्या. मग आतनं डबा आनला. काळा, जड, वर एक डाग न्हाई. बटन दाबलं की पुढनं कप्पा असा बाहीर येतो, जशी गरीब गाईनं जीभ काडली. मालक गेल्यापास्नं बाई त्येला रोज फडक्यानं पुसत हुत्या.

"एकच सांगते," बाई म्हनल्या. "आत डोळा असतो त्याला. काचेचा, बारीक. धुळीचा कण लागता कामा नये."

मी छातीवर हात ठेवला. "बाई, धुळीचा कन लागू द्येनार न्हाई."

आन् ह्ये मी पाळलं. ह्ये ध्यानात ठेवा.

डबा घोंगड्यात गुंडाळून मांडीवर घिऊन येस्टीनं सांगलीला आलो. कराडपर्यंत हुबी गर्दी, पन मी कुनाला टेकू दिलं न्हाई. कंडक्टर म्हनला, "लेकराचं वय काय वो? अर्धं तिकीट पडंल." मी तिकीट काडलं. कुठं वाद घालत बसता.

घरी पोचलो तर आक्काचं आप्रेशन झालेलं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू हायच. डबा टेबलावर मांडला. दारात सगळी गोळा झाली. समोरच्या सुलाबाईबी आल्या. मी सीडी काडनार, तवर मंगल म्हनली, "आवं, नवी वस्तू हाय. देवाचं गानं वाजनार त्येच्यावर. तसंच लावताय?"

बरोबर हुतं तिचं. आमच्यात गाडी असू दे, मोटार असू दे, बिगर भंडाऱ्याची सुरू हुत न्हाई. मंगलनं हळद-कुकू लावलं. नारळ फोडला, पन डब्यापास्नं चार हात लांब, पान्याचा थेंब उडू नये म्हनून. इतका मी जपत हुतो. मग आक्का उठली. तिनं बिरूबाचा भंडारा गावाकडनं पुडीत आनला हुता. मी कप्पा उघडला, म्हंजे सीडी ठेवायला सोपं पडंल. आक्कानं हातानं चाचपलं, कप्पा लागला, म्हनली, "ह्ये तोंड व्हय रं ह्येचं?" मी म्हनलं व्हय. तिनं मूठ भरून तोंडात सोडली आन् म्हनली, "बिरूबाच्या नावानं चांगभलं."

आमी समदी चांगभलं म्हनलो.

मग मी कप्पा फुकून साफ केला, सीडी ठिवली, आत सारली. घर्र, घर्र झालं. काचंवर निळी विंग्रजी अक्षरं आली. सुभेदारानं चष्मा लावला.

"नो डिस्क."

"म्हंजे?"

"म्हंजे, चकती न्हाई म्हनतोय."

मी बाहीर काडली, सगळ्यांना दाखीवली, परत घातली. चकती न्हाई. मी डोळ्यानं बघतोय, मी हातानं ठेवतोय, आन् ह्यो बारा हजाराचा डबा माझ्या घरात बसून मला खोटं पाडतोय. बाजारात पस्तीस वर्सं माझ्या काट्याला कुनी न्हाई म्हनलं न्हवतं.

सुभेदार सिग्नलमधी असल्यानं वायर दिसली की त्येचं आंग ताठ हुतं. म्हनला, "करंट कमी पडतोय." फ्रीजचा स्टॅबिलायझर काडून ह्येला जोडला. चकती न्हाई. फ्रीजमधलं दूध मातूर नासलं. मग म्हनला, "करंट हाय, पन मळका हाय. तुज्या घराला अर्थिंगच न्हाई. लडाखला आमाला अस्संच झालंतं. वायरलेस बोलंना, अर्थिंग केलं, पाकिस्तानबी ऐकू याय लागला."

मला पाकिस्तान नगं हुता. पन साताऱ्याच्या बाईला फोन करून "वाजत न्हाई" म्हनायला जीव हुईना. जयराज जतला वरातीत अडकल्याला, चार दिस येनार न्हाई. आक्का आईतवारी जानार, शेरडं शेजाऱ्यावर टाकून आलीवती. आज मंगळवार. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आमी दोघांनी दारात खड्डा घ्यायला सुरवात केली. अर्थिंगला खड्डा लागतो, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आन् मीठ. सुभेदार पहार मारनार, मी माती काडनार, आक्का उंबऱ्यावर बसून इचारनार, "झालं का रं?"

जो येईल त्यो सल्ला द्यायचा. सुलाबाई म्हनल्या, खड्डा ईशान्येला घ्या. दूधवाला म्हनला, मीठ खडं-मीठ घ्या, बारीक चालत न्हाई. एक जन सायकल थांबवून अर्धा तास बघत बसला आन् जाताना म्हनला, "हितं पानी लागनार न्हाई." त्यो पुरता कोपऱ्यावर गेलाबी नसंल, तवर पानी लागलं. पायपाला. कारंजं सुभेदाराच्या छातीइतकं वर गेलं, त्येच्या हातनं पहार सुटली आन् त्येच्याच आंगठ्यावर पडली. त्यो वरडला न्हाई. मिल्ट्रीचा मानूस. नुस्ता म्हनला, "अर्जुना, पाय हाय का बघ."

मग महापालिकेचा मानूस आला. बिगर परवानगी रस्ता खोदला म्हनून. म्हनला, आधी हापिसात परवानगी काडा, मग पायपाचं बघू. म्हंजे खड्डा झाला, आता खड्ड्याची परवानगी. वॉर्ड हापिसात अपेक्षा म्हनून एक मुलगी बसती. माझ्या अंकिताच्या वयाची, बोलायला साखर. फारम फुडं ठिवला.

"काका, खोदकामाचं कारण काय?"

"सीडी प्लेअर."

तिनं माझ्याकडं बघितलं. फारमकडं बघितलं. "काका, यात नळजोडणी आहे, ड्रेनेज आहे, केबल आहे, मांडव आहे. सीडी प्लेअर नाही."

"तुमच्यातबी न्हाई म्हना की."

"इतर आहे. पण इतरला इंजिनिअरचं पत्र लागतं, त्याला पंधरा दिवस."

आक्का आईतवारी जानार. मी ह्येबी तिला सांगितलं. आबाचं सांगितलं, झिलीचं सांगितलं, सुभेदाराचं कुत्र्याचं सांगितलं. मागं रांग लागली, पन कुनी कुरकुर केली न्हाई, ऐकत हुती. शेवटाला ती हळूच म्हनली, "मांडवाला आजच्या आज मिळते, काका. मांडवाच्या खांबालाही खड्डाच लागतो. पण कार्य लिहावं लागेल. लग्न, बारसं की सप्ताह?"

बारसं म्हनायचं तर आमचं वय बघा. सप्ताह म्हनायचा तर सात दिस टाळ कोन कुटनार. मी म्हनलं, लगीन.

परवानगी भेटली. पन त्यांचा शिपाई आला आन् तिची एक परत माझ्या भिताडावर चिकटवून गेला. 'विवाहकार्यानिमित्त मांडव.' खाली माझं नाव. सांजच्याला मंगलच्या हातात तीन घरनं साखर आली. रात्री जेवताना अंकिताचा फोन.

"बाबा, माझं लग्न ठरलंय म्हणं?"

"न्हाई गं, ती अर्थिंगची परवानगी हाय."

"सुलाकाकूंनी स्टेटस ठेवलंय. मुलगा काय करतो तेवढं सांगा, हापिसात विचारायलेत."

शुक्रवारी पायप जोडला. मीठ-कोळसा भरला, पट्टी पुरली, खड्डा बुजवला. गल्लीनं खड्डा बुजवताना बघितला आन् वळखलं, लगीन मोडलं. सुलाबाई पदर तोंडाला लावून आल्या, मंगलचा हात धरला. "हुतं असं. पोरीला जपा." मंगल माझ्याकडं अशी बघत हुती की मी न जेवता झोपलो.

आन् डबा? अर्थिंग झालं, स्टॅबिलायझर लागला, सुभेदार आंगठ्याला फडकं गुंडाळून फुडं बसला, मी सीडी घातली.

चकती न्हाई.

आक्का म्हनली, "ऱ्हाऊ दे रं आर्जुना. मी उद्या न्हाईतर परवा जाईन. आबाचं गानं काय, माझ्या कानात हायच." ती सहज म्हनली. तिच्या कानात आबा हाय, त्यात मीबी हाय, पन ती गाडीत बसली की मी सुभेदाराच्या तोंडी कायमचा कुत्र्यामागं जानार.

शनवारी सकाळी जयराज जतनं परत आला, त्येला गाडीवरनं उतरूसुदिक दिलं न्हाई. त्येनं चार स्क्रू काडलं, झाकन उचललं आन् आत बॅटरी मारली.

"तात्या," मग त्यो म्हनला, "आत भंडारा उधळलाय का कुनी?"

मी वाकून बघितलं. आत सगळं पिवळंधमक. त्यो काचेचा डोळा, बाई म्हनल्या त्यो, त्येच्यावर थर. मी चिमटीत घेतली, वास घेतला, सवय हाय. राजापुरी हळद हुती, एक नंबर.

सुभेदारानं माझ्याकडं बघितलं. मी त्येच्याकडं. त्येच्या आंगठ्याकडं दोघांनीबी बघितलं. बाई मला धुळीचं बोलल्या हुत्या. भंडाऱ्याचं कुठं काय बोलल्या हुत्या? भंडारा धूळ असतोय व्हय?

उंबऱ्यावरनं आक्का म्हनली, "काय निघालं रं?"

मी जयराजला डोळा घातला. "वायर सुटलीती, आक्का."

"व्हय," सुभेदार म्हनला. "वायरच." मिल्ट्रीचा मानूस, पन वेळंला बरा.

जयराजनं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिट लावलं आन् त्यो डोळा पुसला. आक्काचा डोळा डाक्टरनं येवढ्या नाजूक हातानं पुसला असंल का न्हाई, सांगता येत न्हाई. झाकन लावलं. सीडी घातली. घर्र झालं. आन् काचंवर आकडा आला. एक.

आबा खोलीत येऊन बसला. दुसरं काय सांगू. नुस्ता आवाज न्हाई, ढोलाच्या कातड्यावर बोट घासल्यालंबी ऐकू येत हुतं. लिंबाचा पाला हालत हुता. आक्कानं मान खाली घातली. पहिलं गानं झालं, दुसरं झालं. मागनं झील येत हुती, पन गोळा आवाज, त्यात मी कुठला ते कळंना. सुभेदार बोटं मोजत हुता. "एक, दोन, तीन, चार. अर्जुना, चारच भरत्यात."

"तिसऱ्यात हाय," मी म्हनलं. "थांब."

तिसरं लागलं. जुन्या डब्यात हितंच खरखर हुऊन उडी पडायची. आता उडी पडली न्हाई. गान्याच्या आधी ढोल थांबलेला. कुत्रं भुकलं, कळलं की दोन कुत्री हायत. मग आबाचा आवाज. गान्यातला न्हाई. बोलन्यातला, बारीक, मायकाला कळू नये असा.

"आर्जुना, तू नुस्तं तोंड हलीव. आवाज काडू नगंस. सायेब लांबनं आल्यात."

आन् मग ढोल.

जयराज स्क्रूड्रायव्हरकडं बघत बसला. मंगलनं पदर तोंडात घातला, खांदं हालत हुतं. खरं सांगतो, मला ह्ये आठवत न्हवतं. ऐकलं आन् समदं आठवलं. पहिल्या दोन गान्यांना आबानं नुस्ती खूण केलीती, पाचीच्या पाची गान्यात मी तोंड हलीवलं हुतं, आन् पुन्ना वीस वर्सांत मीच कवातरी त्येच्यात आवाज भरला असंल.

सुभेदार उठला. लंगडत आला, माझ्या खांद्यावर हात ठिवला.

"मान्य," म्हनला. "तू हाईस त्यात."

आक्का म्हनली, "मग हायच की. ल्हानपनापास्नं ह्येचा आवाज म्हंजे काटीत अडकल्यालं कोकरू. पन आबा ऊठ म्हनला का ह्येला? न्हाई म्हनला." मग म्हनली, "परत लाव. त्यो बोलतोय तितनं लाव."

जयराजनं बटन दाबलं. परत कुत्री, परत आबा. आर्जुना म्हनला. अकरा वर्सांनी मला कुनी तसं, नावातला मधला हेल लांबवून, काम सांगितलं. मी चटईवर मागं सरकून बसलो, जिथं झीलवाला बसतो तिथं. ढोल सुरू झाला. आबानं ओळ टाकली, मागच्या चौघांनी शेपटी उचलली, आन् मी नुस्तं तोंड हलीवलं.

सुभेदार ऐकत हुता. मान डोलवली आन् म्हनला, "आता कसा सुरात लागलास बघ."